पदराखालचा उजेड

पुणे

माणसं प्रवासाला निघताना लाडू-चिवड्याचे डबे भरतात. मी मात्र स्टुडिओच्या फरशीवर एक छत्री, एक कल्हईची परात, कामट्यांच्या चौकटीवर ताणलेला बटर पेपर आणि ह्यांचे चार पांढरे रुमाल मांडून बसले होते. यातलं काय न्यावं आणि काय ठेवावं, ते काही केल्या ठरेना.

'हे' म्हणजे माझे यजमान. शनिपाराजवळ आमचा लहानसा स्टुडिओ. फोटो काढायचे ते ह्यांनी. मागच्या अंधाऱ्या खोलीत फिल्म धुणं, प्रती छापणं आणि बारीक पेन्सिलीनं निगेटिव्ह सुधारणं ही कामं माझी. दरवर्षी माघात हे आठवडाभर बारामती-इंदापूरकडे जायचे. मी कधी गेले नव्हते. तिकडची माणसं मला ठाऊक होती ती निगेटिव्हमधली, मिशा पांढऱ्या आणि दात काळे अशी. बायका तर तेवढ्याही ठाऊक नव्हत्या. तिकडे बाई पदर पार भुवयांपर्यंत ओढते. वरून कडक ऊन, त्यामुळे पदराची सावली थेट तोंडावर. निगेटिव्हमध्ये चेहऱ्याच्या जागी काहीच उमटायचं नाही. कोऱ्या जागेवर मी पेन्सिल तरी काय फिरवणार?

म्हणून हे भर उन्हात फ्लॅशगन घेऊन जायला लागले. एका फोटोला एक बल्ब, उडाला की संपला. दिवसाढवळ्या दिवा लावणारा माणूस म्हणून तिकडे ह्यांची थट्टा व्हायची. शिवाय उघड्या फ्लॅशनं तोंड पिठात बुडवून काढल्यासारखं दिसायचं, ते ह्यांना खपायचं नाही. मग तो उजेड मऊ करायचे प्रयोग सुरू झाले. छत्रीला आतून पांढरी साटीन शिवून द्यायला लावली आणि फ्लॅश उलटा छत्रीत सोडून पाहिला. फ्लॅशपुढे बटर पेपर धरून पाहिला. कल्हईच्या परातीतून ऊनच तोंडावर पाडून पाहिलं. रुमालाची एक घडी, दोन घड्या फ्लॅशवर बांधून पाहिल्या. सगळं वहीत लिहून ठेवलेलं आहे: 'रुमाल एक घडी, अर्धा उजेड जातो. दोन घड्या, सहा फुटांपलीकडे उपयोग नाही.' संसाराचा हिशेब ह्यांनी कधी लिहिला नाही, पण ही वही मात्र चोख.

गेल्या आषाढात हे गेले. चार दिवसांचा ताप आला, त्यातच.

आणि पौषात इंदापूरहून कार्ड आलं. 'फोटोवाले साहेब यांस. आईचे दोन फोटो तुम्ही दोन साली काढले, ते बहिणीस इंदूरला धाडले. तिचे पत्र आले की लुगडे आले, आई आली नाही. सासू अर्धांगाने पडून असल्याने बहिणीस सहा वर्षे घर सोडता आले नाही. औंदा चांगला उजेड घेऊन येतो असा तुमचा शब्द आहे. आई वाट पाहते आहे. निवृत्ती.' त्याला काही कळलेलं नव्हतं.

तसं उत्तर लिहायला मी दौतही उघडली होती. पण शब्द ह्यांचा होता, आणि ह्यांचं असं आता माझ्याकडे फार थोडं राहिलं होतं. मी दौतीला बूच लावलं आणि फरशीवर सामान मांडलं. शेवटी न ठरल्यामुळे सगळंच घेतलं. आयुष्यात कधी घराबाहेर फोटो न काढलेली बाई परात काखोटीला मारून निघाली.

बारामती

बारामतीला माझी मावसबहीण कुसुम राहते. तिचे यजमान तिथल्या शाळेत शिक्षक आहेत. परात पाहून ती म्हणाली, "अगं, आमच्याकडे भाकरी मिळते. पीठ मळायचं भांडं आणायची काही गरज नव्हती."

पुण्यात आम्ही नळाला पाणी कधी येतं याची वाट बघतो. इथे कालव्याचं पाणी पाटानं शेताशेतातून खळाळत जातं आणि कोणी त्याच्याकडे ढुंकून बघत नाही. पहाटे उठले तर रस्त्यानं माळेगावच्या कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या गाड्यांची रांग लागलेली. बैलांच्या घुंगरांचा आवाज, मधूनच एखादा ट्रॅक्टर. हे घरी येऊन हा आवाज मला तोंडानं करून दाखवायचे आणि मी हसायचे. प्रत्यक्षात तो पुष्कळच वेगळा निघाला. ह्यांना नक्कल अजिबात जमत नव्हती, हे मला बारामतीला कळलं, आणि ते सांगायचं कोणाला म्हणून मी उगीच कुसुमच्या अंगणात बराच वेळ उभी राहिले.

कुसुम म्हणाली, "इंदापूरला जाण्याआधी कुठंतरी हात बसवून घे." ते पटलं. ह्यांच्या वहीत कोऱ्हाळ्याच्या एका तात्यांचं नाव होतं. दुसऱ्या दिवशी मी तिकडे गेले.

कोऱ्हाळे बुद्रुक

तात्यांचा ऊस, मळ्यातच गुऱ्हाळ. गेल्या गेल्या हातावर गरम काकवी आणि भाकरी आली. ह्यांची बातमी सांगितल्यावर तात्यांनी डोक्यावरचा फेटा काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "तुमी काढा. आमी बसतो."

बसले तिघे भाऊ. मी कॅमेऱ्यात डोकावले, तोच तात्या उठले. "तिघांचा फोटू काढत न्हाईत, बाई. एक जातो." चौथा माणूस हवा. मग काहिलीवरून गूळ काढणाऱ्या गुळव्यालाच हात पुसून भावांत बसवलं. तो घराण्यातला वडीलधारा असल्यासारखा मधोमध बसला.

दुसरी अट पायांची. पुण्यात लोक छातीपर्यंतचा फोटो मागतात. इथे छातीपर्यंत म्हणजे माणूस अर्धा कापला. "पाय आलं पायजेत, वहाणासकट." पाय यायचे तर मला दहा-बारा फूट मागे सरायला हवं. आणि एवढ्या लांबून रुमालाची घडी घातलेला उजेड पोचायचा नाही. ह्यांच्या वहीतली ती कोरडी वाक्यं कशावरून आली होती, ते आता कळलं.

म्हणून छत्री काढली. फ्लॅश तिच्यात उलटा बसवला, दांडा खुंटाला बांधला, आणि कॅमेऱ्यापाशी येऊन पाहते तर माझ्या डोक्यावर सावली. तात्यांच्या मंडळींनी छत्री सोडवून आणून माझ्यावर धरली होती. "उनात उब्या हाय कवाधरनं." त्यांना काय बोलणार? उजेडाची छत्री ही कल्पना घरी मला तरी कुठं पटली होती? पुन्हा बांधली, तर वाऱ्यानं ती उलटी करून उसात नेऊन टाकली. दोन काड्या मोडल्या.

राहिला बटर पेपर. तो दोन-तीन जणांनी कौतुकानं हातात घेऊन पाहिला होता, आणि गुऱ्हाळावर कोणाचेच हात कोरडे नसतात. चौकट भिंतीला टेकवून मी पाणी प्यायला गेले तेवढ्यात शेळीनं गुळाच्या बोटांसकट कागद खाल्ला. तात्यांनी तिला हाकललं आणि मला म्हणाले, "साहेबांचा बी एक खाल्लाता हिनं. सांगितलं न्हाय का?"

नव्हतं सांगितलं. त्या वर्षी हे घरी येऊन म्हणाले होते की कागद पावसानं भिजला. माघात कसला पाऊस, असं मी तेव्हा विचारलंही नव्हतं.

इंदापूर

बारामती सुटली की ऊस विरळ होत जातो आणि माळ सुरू होतो. मग भीमेच्या अंगाला काळी जमीन आणि कणसांनी वाकलेली ज्वारी. एस.टी.च्या थांब्यावर निवृत्ती बैलगाडी घेऊन आला होता. येते म्हणून मी कार्ड टाकलं होतं, पण त्यावर फक्त दिवस लिहिला होता. तो माझ्या मागे उतरणारा एकेक माणूस पाहत राहिला. सगळे उतरले, गाडी गेली.

"साहेब मागनं येनार व्हय?"

मी सांगितलं. तो तिशीचा, दांडगा माणूस, पण हातातल्या कासऱ्याशी चाळा करत बसला. मग माझी ट्रंक उचलून म्हणाला, "आईला घरी गेल्यावर मी सांगतो. तुमी नका सांगू."

घराच्या ओट्यावर आबा बसलेले. आबा म्हणजे तुळसाआक्कांचे, निवृत्तीच्या आईचे, थोरले दीर. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बाईमानूस फोटू काढतं?" मी म्हटलं, "प्रयत्न करतं." ते हसले नाहीत. आतून तुळसाआक्का आल्या. साठीच्या, किडकिडीत, आणि पदर थेट नाकाच्या शेंड्यापर्यंत. मला दिसली ती हनुवटी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मळ्यात खुर्ची मांडली. आबाही खाट टाकून बघायला बसले. माझ्याकडे आता परात, रुमाल आणि चार बल्ब उरले होते. निवृत्तीला परात धरायला दिली. त्यानं इमानानं सगळं ऊन आईच्या तोंडावर पाडलं, तशा आक्कांनी डोळे घट्ट मिटले आणि पाणी गळायला लागलं. परात थोडी तिरकी करवली, तर त्यांनी पदर आणखी खाली ओढला. परात ठेवून उघडा फ्लॅश लावला. बल्ब उडाला, आबांचे बैल बुजले, आणि आक्कांचा पदर हनुवटीला टेकला. दुसऱ्या बल्बाचंही तेच. मी जेवढा उजेड वाढवावा तेवढा पदर खाली येत होता. ह्यांच्या वहीत इंदापूरच्या पानावर दोन वर्षांचं तेच लिहिलेलं होतं: उजेड वाढवला, चेहरा नाही. पुन्हा वाढवला, चेहरा नाही.

दोन बल्ब राहिले. मला रडू यायला लागलं, आणि ते आबांसमोर येऊ नये म्हणून मी उगीच परातीवरची धूळ पुसत बसले. एवढ्या लांब येऊन मीसुद्धा इंदूरला लुगडंच पाठवणार होते.

आक्का उठल्या. "हुरडा खाऊ चला," म्हणाल्या, आणि मला कडब्याच्या गंजीमागे घेऊन गेल्या. घराएवढी उंच गंजी, मागे सावली आणि आगटीत रसरशीत निखारे. त्यांनी कणसं भाजली, हातावर चोळून गरम दाणे माझ्या ओंजळीत घातले. सोबत लसणाची चटणी. पुण्यातला हुरडा म्हणजे कागदाच्या पुडीतला, गारढोण. इतका गोड हुरडा मी आधी खाल्ला नव्हता, आणि दरवर्षी तिकडचा हुरडा हुरडा म्हणून हे का जीव टाकत तेही कळलं.

"तुमचं मालक कवा गेलं?"

"आषाढात."

"आन कुकू कुनी पुसलं?"

हा प्रश्न मला पुण्यात कोणी विचारला नव्हता. तिकडे सगळे माझ्या कपाळाकडे बघून नजर दुसरीकडे वळवतात. "माझं मीच पुसलं," मी म्हटलं.

"माजं जावनं पुसलं. लई जोरानं." त्या थोडा वेळ निखारे सारत राहिल्या. मग दोन्ही हातांनी त्यांनी पदर मागे सारला, पार केसांच्या रेषेपर्यंत. डोक्यावर होता तसा होता, पण तोंड मोकळं झालं. नीट, देखणं, वाळलेलं तोंड. आणि कपाळाच्या मधोमध गोंदलेला हिरवा ठिपका.

"कुकू पुसलं. ह्ये कसं पुसायचं, सांगा. लोकं म्हंतील, नवरा मेला आन ही टिकली लावून बसली. म्हनून झाकून ठिवलं. साहेब लई भला मानूस. आक्का, जरा वर बघा, वर बघा, म्हनायचे. आता बाप्याला काय सांगू?"

ह्यांनी छत्र्या शिवून घेतल्या, परातींना कल्हई लावली, वह्या भरल्या. आणि अडलं होतं ते उजेडावर नाहीच. मला त्या क्षणी ह्यांना हाक मारून हे सांगावंसं वाटलं, इतकं की माझं तोंड उघडलं होतं.

"फोटोत दिसेल हं ते, आक्का," मी म्हटलं.

"दिसू द्या. पोरीला ठावं हाय. तान्ही व्हती तवा ह्या ठिपक्यावर बोट ठिवल्याबिगर झोपायची न्हाय."

मी धावत जाऊन कॅमेरा आणला. गंजीमागे उजेड पसरलेला होता, कडब्यावरून येताना थोडा पिवळट झालेला, पण डोळे खोल होते आणि तेवढे काळे राहिले असते. एक बल्ब लावला, त्यावर ह्यांच्या रुमालाची एक घडी. सहा फुटांवर उभी राहिले. इथून पाय येणार नाहीत, असं भीतभीत सांगितलं.

"पाय कशाला?" आक्का म्हणाल्या. "पाय दोन बारी गेलं की इंदूरला."

आणि त्यांनी वर पाहिलं, थेट माझ्याकडे. बल्ब उडाला. गंजीपलीकडून आबा ओरडले, "काय झालं गं तिकडं?"

"काय न्हाय, हुरडा भाजतुया," आक्कांनी पदर ओढत सांगितलं.

रुमालाला बल्बच्या धगीनं तपकिरी वर्तुळ पडलं होतं. एक बल्ब उरला होता, पण मी तो वापरला नाही. का, ते नीट सांगता येणार नाही. पुन्हा पदर मागे सारा म्हणायला जीभ रेटली नाही, एवढं खरं.

दुसऱ्या दिवशी निघताना त्यांनी हुरड्याची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली आणि विचारलं, "तेंचा फोटू हाय का तुमच्यापाशी?"

"एक आहे, लग्नातला. त्यात मुंडावळ्याच दिसतात."

"काढला न्हाय कुनी?"

"काढणारे तेच होते, आक्का."

त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवून बोटं स्वतःच्या कानशिलावर मोडली. मग बैल निघाले.

पुन्हा पुणे

फिल्म मी आल्या दिवशीच धुतली. शेवटी नुसत्या उन्हातच काढलेल्या कोऱ्हाळ्याच्या फोटोत गुळव्या फार रुबाबदार आला आहे, तात्या मात्र जरा हललेत. इंदापूरच्या पहिल्या दोन फ्रेमा वाया. तिसरी मी उजेडासमोर धरली आणि कोरी जागा कुठे दिसते का ते शोधत राहिले. नव्हती. कपाळ, ठिपका, डोळे, सगळं होतं. पेन्सिल हातातही घेतली नाही. प्रत छापून इंदूरच्या पत्त्यावर टाकली.

महिन्यानं निवृत्तीचं कार्ड आलं. 'बहिणीस फोटो पोचला. तिने तो चौकटीत न घालता उशाशी ठेवला आहे. रोज ठिपक्यावर बोट ठेवल्याने तेथे डाग पडून रंग गेला आहे, तरी दुसरी प्रत धाडावी. आईस वाचून दाखविले. त्या दिवशी तिने गोडाचे केले.'

दुसरी प्रत छापायला मी निगेटिव्ह पुन्हा काढली. या वेळी मोठी छापावी म्हटलं, ठिपका जरा जास्त दिवस टिकेल. प्रत वाळल्यावर भिंग लावून तपासायला घेतली, आणि आक्कांच्या डोळ्यांत मला माणूस दिसलं. दोन्ही बुबुळांत एकेक, तिळाएवढं. शेजारी रुमालाच्या उजेडाचा ठिपका, आणि कॅमेऱ्यावर वाकलेली एक बाई. ती मी होते. खांद्यावरून सुटलेला पदरसुद्धा ओळखता येत होता.

मी भिंग खाली ठेवलं. मग उठले आणि ह्यांच्या निगेटिव्हच्या सगळ्या पेट्या खाली काढल्या.

वीस वर्षं हे माणसांसमोर उभे होते. कोणाच्या तरी डोळ्यांत राहिले असतील की नाही? दुकान बंद ठेवून मी तीन दिवस शोधत होते. बायका पदराच्या सावलीत, तिथे डोळेच नाहीत. पुरुषांच्या कपाळावर फेटा आणि उन्हानं बारीक झालेल्या डोळ्यांच्या नुसत्या फटी. पोरांनी फ्लॅशला घाबरून डोळे मिटलेले. स्टुडिओतल्या फोटोंत डोळे आहेत, पण ह्यांना तीन चतुर्थांश चेहऱ्याची फार हौस, त्यामुळे सगळे जण पडद्याकडे बघतायत.

तळाच्या पेटीत माझा फोटो निघाला. लग्नानंतर पहिल्याच वर्षी ह्यांनी काढलेला, याच खोलीत, अगदी समोरून. त्या दिवशीचं मला सगळं आठवतं. पडद्यापलीकडे सासूबाई तांदूळ निवडत होत्या. हे हळू आवाजात म्हणत होते, "अगं, एकदा वर बघ ना माझ्याकडे." तीन वेळा म्हणाले.

मी भिंग लावून पाहिलं. माझ्या पापण्या फार छान आल्या आहेत.